शिकाऊ पोरांचं टेबल

छत खाली आलं तेव्हा मी टेबलाखाली होते. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. माझ्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन मुंबईचा एक परका पोरगा बसला होता. छताचा जो पट्टा पडायचा राहिला, त्याच्यावर माझी माय बसली होती.

आवाज नंतर आला. आधी टेबलाच्या कडेवरून चुन्याची बारीक भुकटी पडली, मग एक वीट पडली, आणि मग सगळं एकदम आलं. टेबल जमिनीत दाबल्यासारखं झालं, पण मोडलं नाही. चारी बाजूंनी विटा, चुना, फळ्या असा ढीग लागला आणि दिवसाढवळ्या अंधार झाला. तोंडात चुना, डोळ्यांत चुना. त्या पोराला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मी दोन्ही हात पोटावर ठेवून बसले. सकाळपासून लाथा मारणारं पोर अगदी गप्प झालं होतं.

वरून मायचा आवाज आला. "कोन हाय वं खाली?"

मी म्हटलं, "मी आहो, माय."

"जित्ती हायेस?"

"जित्ती नसती तं बोलली असती काय?"

"पोटात हलते काय?"

मी वाट पाहिली. मग म्हटलं, "नाई."

माय थोडा वेळ बोलली नाही. माझी माय बोलत नाही असं फार वेळा झालेलं नाही, म्हणून ते लक्षात आहे. मग तिला खोकला ऐकू आला.

"अन् हे कोन खोकलून राह्यलं तुह्यासंग?"

हे छत कोणाचं, टेबल कोणाचं आणि माय वर काय करत होती, ते आता सांगते. नाहीतर वाचणाराला वाटेल आमच्या गावात रोजच असं चालत होतं.

आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर. गावात एक लहान दवाखाना होता. तिथे खोकल्याचं लाल औषध मिळे आणि डॉक्टर आठवड्याच्या बाजाराला येई. बाळंतपणं घरीच होत, चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, सगळी भोकं चिंध्यांनी बुजवून. माझी थोरली बहीण आमच्या घरच्या अशाच कोपऱ्यात गेली, तिचं पोरही गेलं. ती गेल्यावर मायनं तो कोपरा सारवला आणि तिथे ज्वारीची कणगी ठेवली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. पण मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा कणगी जागेवरच होती. मला कुठं निजवणार हे मायनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जिनिंगवाल्या शेटजीनं त्याच वर्षी दवाखान्याला लागून एक बाळंतखोली बांधून द्यायचं कबूल केलं. शेजारच्या गावचा एक माणूस मुंबईत घरांचे नकाशे काढायचा धंदा करत होता. स्वतःचं ऑफिस, हाताखाली माणसं, आणि शिवाय कॉलेजात हीच विद्या शिकवायचा. त्याला आम्ही साहेब म्हणायचो. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजची पोरं घरी जाऊन आंबे खातात, ते त्याला पाहवत नव्हतं. म्हणून तो त्यातली पाच-सहा पोरं गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आला. त्यांनी वर्षभर कागदावर बंगले काढले होते, पण हातात थापी धरलेली नव्हती. पहिल्याच दिवशी लिंबाखाली साहेब त्यांना मोठ्यानं म्हणाला, "कागदावर छत पडत नाही. म्हणून कागदावर काही कळत नाही." ते आम्ही बायकांनीही ऐकलं. पुढे मायनं हे वाक्य त्याला ऐकवलं, पण ते नंतर.

पोरं चांगल्या घरची होती. डोक्यावर गोऱ्या साहेबांसारख्या सोल्याच्या टोप्या, पायांत मोजे. वैशाखात आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हा ही पोरं उन्हात दोऱ्या ताणत फिरत. चुन्यानं त्यांच्या हातांची सालं निघाली. माय त्यांना तिळाचं तेल नेऊन द्यायची आणि तेलाबरोबर दोन शब्दही सुनावायची. तिला खोली पसंत नव्हती. नव्या भिंतीला ओल असते, मोठ्या खिडकीतून वारं येतं, दवाखान्याला लागून जागा म्हणजे अपशकुन, असं ती सगळ्यांना सांगत सुटे. आणि भिंत कालच्यापेक्षा किती वर आली ते पाहायला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तीच तिथे हजर असे.

बांधकामाचा मिस्त्री मंगरूळपीरचा होता. त्याला गावात सगळे चाचा म्हणत. चाचा कामात बरा होता, पण बोलण्यात जास्त बरा होता. पोरं वीट उचलायच्या आधी ती उलटीपालटी करून पाहत, मोजत, टिचकी मारत. चाचा म्हणायचा, "ये लोग ईंट से पहले रिश्ता जोडते, फिर उठाते." त्याच्या ह्या असल्या बोलण्यात निम्मा दिवस जाई आणि साहेब आला की सगळे एकदम वाकून कामाला लागत.

पोरांनी गावात पहिलं काय बांधलं, तर टेबल. मोठाले कागद पसरायला टेबल पाहिजे होतं. त्यांनी आपसात दोन दिवस वाद घालून त्याचा नकाशा काढला आणि सुताराला दिला. किती जाड लाकडाला किती वजन पेलतं हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून भीतीपोटी त्यांनी सगळं दुप्पट धरलं. पाय असे की विहिरीवरच्या मोटेच्या खांबांनी लाजावं. वरची फळी सागाची, तळहाताएवढी जाड. सुतारानं एकदा विचारलं की यावर काय ठेवणार. पोरांनी सांगितलं, कागद. सुतारानं पुन्हा काही विचारलं नाही आणि नकाशाप्रमाणे करून दिलं. साहेबानं ते पाहिलं आणि विचारलं, "यावर हत्ती निजणार आहे का?" मग त्यानं ते जोत्यावर मधोमध ठेवून घेतलं आणि पोरांना सांगितलं की रोज याच्याकडे पाहत जा, म्हणजे लाकूड वाया घालवणं काय असतं ते समजेल. ते इतकं जड होतं की पुन्हा कोणी हलवलं नाही. त्याच्याभोवती भिंती वर चढल्या.

दुसरी गंमत दाराची. साहेबाचं म्हणणं, ज्यांच्यासाठी खोली आहे त्यांना विचारा, त्यांची मापं घ्या. आता बाळंतिणीच्या खोलीचं दार किती रुंद पाहिजे हे पोरांना कोणत्या तोंडानं विचारता येणार? त्यांनी मला येताना पाहिलं की एकमेकांना कोपर मारत आणि विचारायचं सोडून हवापाण्याचं बोलत. शेवटी गावच्या बायकांनी ठरवून आमची सुईण पुढे केली. ही सुईण तालुक्यात माहीत होती, एक तिच्या हातगुणासाठी आणि दुसरं तिच्या आकारासाठी. बैलगाडीत ती बसली की दुसरं कोणी बसत नसे. बायकांनी पोरांना सांगितलं की सगळ्या बाळंतिणी साधारण एवढ्याच असतात. सुईण दोन्ही कडेवर हंडे घेऊन दोन वेळा पोरांसमोरून गेली. पोरांनी मन लावून माप घेतलं आणि त्या मापाचं दार केलं. त्यातून बैलजोडी जुपलेली आत गेली असती. साहेबानं दार पाहून पोरांना काही विचारलं नाही. सुईणीकडे पाहिलं आणि नमस्कार केला.

छत मात्र नव्या तऱ्हेचं होतं. आमच्याकडे धाब्याची घरं, लाकडं टाकून वर कपाशीची पऱ्हाटी आणि माती. इथे रेल्वेचे जुने रूळ भिंतीवर आडवे टाकले आणि दोन रुळांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी केल्या. खालून फळ्या आणि फळ्यांना लाकडी टेकू. वरून चुन्याचा कोबा. तो गावच्या बायकांनी बसून ठोकला आणि ठोकताना मुंबईच्या पोरांवर गाणी जुळवली. ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. चुना सावकाश धरतो, तोवर टेकू हलवायचे नाहीत, हे साहेबानं पोरांना सांगितलं होतं, पोरांनी चाचाला सांगितलं होतं आणि चाचाला ते आधीच माहीत होतं. गावाला कोणी सांगितलं नाही, कारण गावाचा काय संबंध?

गावाचा संबंध असा आला की माझ्या मामाच्या पोरीचं लग्न निघालं.

आमच्यात मांडवाच्या लाकडाला कोणी नाही म्हणत नाही. ज्याच्याकडे मेढी, बल्ल्या, वासे असतील त्याच्याकडून आणायचे आणि लग्न झालं की परत करायचे. कोणी विचारतसुद्धा नाही, नुसतं सांगतात. मांडवाच्या दिवशी सकाळी मामाला लाकूड कमी पडलं. साहेब दाराच्या बिजागऱ्या आणायला अकोल्याला गेला होता. चाचा शेलूबाजारला बाजार करायला. मांडवासाठी हिरवे डहाळे तोडायला गडी जंगलात निघाले, तर शिकाऊ पोरं हौसेनं त्यांच्या गाडीत चढून गेली. मागे एकच राहिला, चष्मेवाला, त्यांच्यात सगळ्यांत हुशार. मायनं त्याला गाठलं.

तो बिचारा नको म्हणणार होता. तेवढ्यात माय म्हणाली, "मांडवाच्या लाकडाले नाई म्हनू नये, पोरा. जो म्हनते, त्याच्या दारी मांडव पडत नाई."

त्याचं लग्न व्हायचं होतं. तो लाल झाला, कागद घेऊन बसला आणि बरीच आकडेमोड केली. एव्हाना उन्हाळा अर्धा सरला होता आणि वजन कसं धरायचं ते त्याला येऊ लागलं होतं. टेबलाच्या वेळी येत असतं तर टेबल हलकं झालं असतं. त्याचा हिशेब असा निघाला की निम्मे टेकू काढले तरी चालतील. त्यानं मायला सांगितलं, "एकाआड एक न्या. एकाआड एक, म्हणजे मधला ठेवायचा."

मायनं तो निरोप माझ्या मामेभावांना दिला. माय कोणतंही काम एकाला सांगून थांबत नसे, म्हणून तिनं तोच निरोप मामाच्या शेजाऱ्यांनाही दिला. एकानं नाही आणलं तर दुसरा आणील. मामेभाऊ आले आणि त्यांनी एकाआड एक टेकू काढून नेले. थोड्या वेळानं शेजारी आले. त्यांनीही अगदी सांगितल्याप्रमाणे, जे होते त्यातले एकाआड एक काढून नेले. कोणी चोरी केली नाही, कोणी आगाऊपणा केला नाही. दुसऱ्या टोळीनं जाताना भिंतीला लावलेली शिडी तेवढी जास्तीची नेली. तोरण बांधायला लागते.

शिडी गेली तेव्हा माय वर होती. आमचं अंगण पाहुण्यांनी भरलेलं, आणि तिचा गहू भिजून आंबून तयार. म्हणून तिनं आदल्या दिवशीपासून त्या नव्या छतावर डोळा ठेवला होता. असं सपाट, स्वच्छ, उन्हातलं ठिकाण गावात दुसरं नव्हतं. सकाळी चार-दोन बायकांना घेऊन तिनं छतभर कुरडया घातल्या. बायका मांडवाकडे गेल्या आणि माय कावळे हाकायला एका टोकाला बाज उभी करून तिच्या सावलीत बसली. खालून काय गेलं ते तिला दिसायचं कारण नव्हतं.

आणि मी? माझी सकाळपासून कंबर दुखत होती. पाहुण्या बायका मला पाहिलं की पोटावर हात ठेवून मुलगा की मुलगी ते सांगत होत्या, त्याचा वीट आला. म्हणून टेकू नेणारी माणसं गेल्यावर मी त्या खोलीत जाऊन टेबलाखाली निजले. जाड भिंती, खाली गार जमीन, आणि टेबलावरचे कागद चारी बाजूंनी लोंबत असल्यानं आडोसा. एक पाय तेवढा बाहेर राहिला होता.

दुपारी त्या चष्मेवाल्याला आपले टेकू पाहावेसे वाटले. आत येऊन पाहतो तर निम्म्याचे निम्मे. तो तसाच फळ्यांकडे पाहत उभा राहिला असेल. मग त्याला माझा पाय दिसला.

परक्या, लग्न झालेल्या बाईच्या पायाला हात कसा लावायचा? नाव ठाऊक असून घ्यायचं नाही. तो खाकरला. पुन्हा खाकरला. मी अर्धवट झोपेत होते, मला वाटलं कोणाला चुन्याचा खोकला झालाय. मग "बाई, अहो बाई" असं काहीतरी हळूच म्हणाला, इतकं हळू की त्याला तरी ऐकू आलं की नाही देव जाणे. शेवटी त्यानं कागदावर रेघा मारायची लांब पट्टी उचलली आणि माझ्या तळपायाला टोचली. मला वाटलं कोंबडी. मी पाय आत ओढून घेतला.

तेवढ्यात भुकटी पडली आणि तो टेबलाखाली माझ्यावर येऊन आदळला. पुढचं मी सांगितलं आहे.

तर मायनं विचारलं, "हे कोन खोकलून राह्यलं तुह्यासंग?"

मी म्हटलं, "मुंबईचं पोट्टं हाय. चष्म्यावालं."

"ते कायले तिथी?"

तो खोकत खोकत वर तोंड करून म्हणाला की मी टेकू पाहायला आलो होतो. माय म्हणाली की टेकू तं तुवाच देल्ले. तो पुन्हा खोकू लागला. ह्या परिस्थितीत दोघांचं बोलणं ऐकून मला हसू आलं असतं, पण कंबरेतली कळ फिरून पोटात आली आणि मी ओरडले. ही कळ कसली ते मला समजलं, मायला तर आवाजावरूनच समजलं. फक्त त्या पोराला समजलं नाही. त्याला वाटलं वीट लागली.

बाहेर माणसं जमली. गावचा गोंधळ कसा असतो ते सांगायला नको. सगळे एकदम सांगत होते आणि कोणीच विटा उचलत नव्हतं. आणि उचलणार तरी कसं? मायच्या खालचा पट्टा उरलेल्या दोन-तीन टेकूंवर उभा होता. ढिगातली एक फळी ओढली की वरून खडे पडत. तो पट्टा आला असता तर मायसकट आमच्यावर आला असता. आधी त्याला टेकू द्यायला पाहिजे होते, आणि टेकू मामाच्या मांडवात पुरले होते.

मांडवात रोवलेलं लाकूड लग्न लागेपर्यंत काढत नाहीत. काढलं तर पोरीच्या संसाराला वाईट. मामा वाईट माणूस नव्हता. पण तो तिथे उभा राहून कधी माझ्या मायकडे, कधी आपल्या घराकडे पाहत राहिला. त्याची पोर हळद लागून बसलेली. मला हे आतून दिसत नव्हतं, पण बाहेर एकदम सामसूम झाली ती ऐकू आली.

मग सुईणीचा आवाज आला. ती मामाला म्हणाली, "मुहूर्ताची मेढ तेवढी राहू दे. बाकी लाकूड हाय, देव नाई. तुही पोरगी उद्या ह्याच खोलीत येईन, तवा काय सांगशीन तिले?"

मामानं पगडी काढून काखेत धरली आणि मांडवाकडे पळाला. मागून सगळे पळाले.

लाकूड येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच. कळा जवळ जवळ येऊ लागल्या. पोटातलं पोर हलत होतं की नाही ते त्या कळांत कळेना. मला काहीतरी घट्ट धरायला पाहिजे होतं. टेबलाचा पाय माझ्या दोन्ही हातांत मावत नव्हता, एवढा त्यांनी जाड केला होता. मी हात इकडे तिकडे मारत होते आणि तो पोरगा अंग चोरून चोरून पार विटांत शिरत होता, चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. डोळेही मिटून घेतले होते त्यानं. अंधारात.

मायला वरून काही दिसत नव्हतं, पण तिनं ओळखलं. तिनं हाक मारली, "ए चष्म्यावाल्या. तुले बहीन हाय?"

तो म्हणाला, "नाही."

"आता हाय. तू भाऊ हायेस तिचा. मी तिची माय, मी सांगतो. धर तिचा हात."

त्यानं हात पुढे केला. मी तो असा धरला की पुढे आठवडाभर त्याला पेन्सिल धरता आली नाही. पहिल्यांदा तो ओरडला, मग मी ओरडले, मग दोघं मिळून ओरडलो. माय वरून सांगत होती की श्वास घे, ओठ मिट, खाली जोर देऊ नको. ते सगळं तोही करत होता. मधेच त्यानं मला विचारलं, "बाई, आपण मरणार का?"

मी म्हटलं, "तुले माहीत. छत तुवा बांधलं."

हे मी लागेल असं बोलले, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. जरा विचार करून तो म्हणाला की टेबल मोडायचं असतं तर आतापर्यंत मोडलं असतं. त्याचा हा एक हिशेब बरोबर निघाला.

मांडवाची लाकडं आली. काहींना अजून आंब्याची पानं बांधलेली होती. तीच मायच्या खाली ठोकली. मायला सगळ्यांनी बजावलं की हलू नको. ती म्हणाली की शिडी कुठी हाय हलायले? मग माणसं ढिगाला लागली. पडलेला एक रूळ दारात आडवा झाला होता, तो हातांनी निघेना. तेव्हा बैलजोडी त्या मोठ्या दारातून थेट आत आणली आणि साखळी बांधून रूळ बाहेर ओढला. त्याच दारातून सुईण आत आली. टेबलाखाली शिरणं तिला या जन्मी शक्य नव्हतं. मला बाहेर ओढायचं म्हणत होते, तर तिनं सगळ्या पुरुषांना हाकलून लावलं आणि वेळ झाली म्हणाली. तिनं टेबलाजवळ बैठक मारली आणि आत फक्त हात घातले.

पोरगा बाहेर पळायला पाहत होता. माझा हात सुटेना. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

दिवस मावळायच्या आधी पोर झालं. मुलगी. आधी ती रडली नाही. सुईणीनं तिला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापटलं, तोंडात बोट घालून पुसलं. वर माय, बाहेर सगळं लग्न, सगळे कान लावून. मग पोर रडली. ती रडली तेव्हा मायनं विचारलं, "कोन रडून राह्यलं?" कारण तो चष्मेवालाही रडत होता आणि त्याचा आवाज मोठा होता.

साहेब रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी बिजागऱ्या हातात घेऊन गावात पोचला, तर खोलीला छत नव्हतं. त्यानं आधी मला पाहिलं, मग पोरीला, मग टेबलाला. माय तिथेच बसली होती. ती म्हणाली, "साहेब, कागदावर छत पडत नाई म्हने. इथी पडलं. आता समदं कयलं असन पोरायले." साहेबानं बिजागऱ्या टेबलावर ठेवल्या. मग माय आणखी म्हणाली की तुम्हाले हवा पायजे होती, उजेड पायजे होता, आमची पोर आभायाखाली झाली, आता खिडक्या कायले? ती बोलायला लागली म्हणजे सगळं ठीक आहे असं मी समजले. आदल्या दिवशी पार अंधार पडल्यावर कोणाला तरी शिडी आठवली आणि तिला खाली घेतलं, तेव्हा ती एक अक्षर बोलली नव्हती. ओच्यात कुरडया होत्या. शेवटच्या पट्ट्यावरच्या तेवढ्या वाचल्या होत्या, त्या ती घेऊन उतरली.

मामाच्या पोरीचं लग्न एका मेढीखाली, उन्हात लागलं. तिचा संसार चांगला झाला. नवरा थोडा बहिरा होता, पण त्याचा मेढींशी काही संबंध नाही.

परक्या पोराबरोबर टेबलाखाली सून होती, ही गोष्ट मानोऱ्याकडे माझ्या सासरी पोचायला वेळ लागला नाही. सासू शब्द तोलत माझ्या मायपाशी आली. मायनं तिला सांगितलं की तो माझा मानलेला मुलगा, पोरीचा मामा, बारशाला तोच पाळण्याजवळ उभा राहणार. आणि तो राहिला. बारशासाठी साहेबानं पोरांचा मुक्काम वाढवला. तसाही वाढवावा लागणारच होता. त्यांनी छत पुन्हा घातलं आणि या वेळी टेकू इतके ठोकले की खोलीत माणसाला वाकडं होऊन चालावं लागे. टेकू निघेपर्यंत चाचा दारात बाज टाकून निजला आणि मांडवासाठी कोणीही आलं की झोपेतच नाही म्हणायचा.

टेबल पुढे बरीच वर्षं त्या खोलीत होतं. बायका त्यावर बाळंत व्हायच्या. दवाखान्याच्या डॉक्टरला ते उंचीला बरं पडलं. मायनं आमच्या घरातली ती कणगी कधी हलवली ते मला कळलं नाही. पुढल्या खेपेला मी आले तेव्हा त्या कोपऱ्यात सरपण होतं.

छत पडलं तेव्हा त्याच्याखाली आम्ही दोघं होतो, मी आणि तो. जिवंत बाहेर तिघं आलो.